प्रकल्प नोंदी : समुद्राचं पाणी आणि बेळगावच्या बाजारातला बांगडा

२८ जुलै २०२४, रविवार

विषय पक्का झाला. खानापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेची नववी यंदा विज्ञान प्रकल्पासाठी समुद्राचं पाणी घेणार. डोंगरातल्या पोरांना समुद्र कशाला, असं शिक्षकांच्या खोलीत विचारणं झालं. पण आमच्याकडे पुष्कळ घरांत बुधवारी-रविवारी मासळी शिजते. ती कारवार, गोवा, वेंगुर्ला, मालवणहून घाट चढून येते. एखाद्या आठवड्यात बांगड्याचा ढीग असतो, पुढच्या आठवड्यात सूपभरही दिसत नाही. असं का होतं, हे विकणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही आणि घेणाऱ्यालाही. 'समुद्र खराब आहे' एवढंच कानावर येतं. पाण्यात नेमकं काय बदललं की जाळं रिकामं येतं, हे शोधायचं आहे.

सुरुवातीला वेळ चांगली मिळाली आहे. कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. हा पुष्कळ माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. १ ऑगस्टला बोटी निघाल्या की आमच्या वह्याही उघडतील.

एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवतो. १६ जुलैला अंकोल्याजवळ शिरूरला डोंगर खचून महामार्गावर आणि गंगावळी नदीत आला. अशा दिवसांत बेळगावात मासळी नसली तर तो दोष समुद्राचा नाही. म्हणून वहीत 'रस्ता' हा रकाना पहिल्या दिवसापासून हवा.

४ ऑगस्ट, रविवार

आज दिव्यांची अमावास्या, उद्यापासून श्रावण. बेळगावात कॅम्पातल्या मासळी बाजारात सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मुलांना दोन-दोनच्या जोड्या करून सोडलं. प्रत्येक जोडीने एकाच विक्रेतीपाशी थांबायचं, आणि गिऱ्हाइकं कमी झाल्यावरच विचारायचं: मासा कोणता, आला कुठून, धरला कशाने, बर्फात किती दिवस आहे.

एका मावशींनी चांगलं सांगितलं. "बांगडा कारवारचा हाय, पण मोठ्या बोटी अजून नीट बाहेर गेल्याच नाहीत बघा सर. वारा हाय, लाट हाय. ही सगळी काठाकाठाची मासळी." सुरमई दिसली ती बर्फातली जुनी होती. शेवटे, खेकडे आणि थोडी चोणक मात्र ताजी होती. ही खाडीतली आणि नदीमुखाजवळची मासळी. म्हणजे समुद्र बंद असला तरी खाडी चालू असते, हे पहिल्याच दिवशी डोळ्यांना दिसलं.

भाव हा रकाना ठेवला आहे, पण त्यावर माझा भरवसा कमी आहे. उद्यापासून महिनाभर अर्धं गाव मासळी खाणार नाही. मागणी पडली की भाव पडतो, समुद्रात काहीही चाललेलं असो. त्यापेक्षा मासा कोणत्या जातीचा, केवढा आणि कोणत्या जाळ्यातला, हे जास्त खरं बोलतं.

१७ ऑगस्ट, शनिवार

साधनं तयार झाली.

पाणी किती स्वच्छ आहे हे मोजायला सेक्की तबकडी. इटलीच्या अँजेलो सेक्की यांनी १८६५ साली भूमध्य समुद्रात ती वापरली, आणि समुद्रशास्त्रज्ञ आजही वापरतात. आम्ही पत्र्याची गोल तबकडी कापून पांढरा रंग दिला, मध्ये भोक पाडून दोरी ओवली, खाली वजन बांधलं आणि दोरीला वीतभर अंतरावर गाठी मारल्या. तबकडी पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या.

खारेपणासाठी मुलांनीच तोड काढली. एकीचे वडील डेअरीत दूध घालतात, तिथला लॅक्टोमीटर तिने आणला. पाण्यापेक्षा दूध किती जड, हे तो दाखवतो. समुद्राचं पाणीही साध्या पाण्यापेक्षा जवळजवळ तेवढंच जड असतं. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे लॅक्टोमीटर पंचविसाच्या आसपास उभा राहायला हवा. शाळेत मीठ तोलून पाणी केलं आणि तपासलं. बरोबर लागला. तपमानाने आकडा थोडा हलतो, म्हणून थर्मामीटर नेहमी सोबत ठेवायचा.

प्राणवायूसाठी विंकलरची पद्धत. लुडविग विंकलर यांनी १८८८ साली ती दिली. पूर्ण चाचणी शाळेत जमणार नाही, पण पहिली पायरी जमते. काठोकाठ भरलेल्या बाटलीत मँगनीज सल्फेट आणि आयोडाइड मिसळलेला अल्कलीचा द्राव सोडला की साका बसतो. पाण्यात प्राणवायू असेल तर तो तपकिरी होतो, नसेल तर पांढरा राहतो. रसायनं कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मिळाली. ती हाताळायची मीच.

तबकडी मलप्रभेवर खानापूरच्या घाटावर बुडवून पाहिली. पाणी तांबडंलाल. पहिली गाठ बुडायच्या आतच तबकडी गेली.

२५ ऑगस्ट, रविवार

जांबोटीवरून कणकुंबीला गेलो. पाऊस उघडझाप करत होता. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. बेळगाव शहरात त्याच्या निम्म्याहूनही कमी.

कणकुंबीला मुलांना एवढ्यासाठीच नेलं की त्यांनी पाणलोट पायाखाली पाहावा. मलप्रभा इथे उगम पावते आणि पूर्वेला जाते: नविलुतीर्थचं धरण, कूडलसंगमाला कृष्णा, शेवटी बंगालचा उपसागर. इथून जवळच भीमगडच्या रानातली म्हादई पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्राला मिळते. एकाच ढगाचा पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो, तो आमच्या तालुक्यात.

म्हादईचं पाणी कुणाला किती, यावर लवादाने २०१८ साली निवाडा दिला. तो विषय मोठा आहे, या प्रकल्पाचा नाही. पण मुलांना एवढं सांगितलं की पिण्याचं पाणी आणि शेतीचं पाणी मोजतात तसं खाडीला लागणारं गोडं पाणीही मोजलं पाहिजे, कारण खाडीचा सगळा व्यवहार त्यावर चालतो.

तो असा चालतो. मांडवीत भरतीचा जोर समुद्रापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांज्यापर्यंत जाणवतो. उन्हाळ्यात खारं पाणी खूप आत शिरतं. आषाढ-श्रावणात डोंगरातून एवढं पाणी येतं की खाडी बरीचशी गोडी होते आणि खारं पाणी मुखाशी दबून राहतं. गोडं पाणी हलकं, म्हणून ते वर तरंगतं आणि जड खारं पाणी पाचरीसारखं तळातून आत सरकतं. माशांना हा बदल लगेच कळतो. चोणक पावसाळ्यात मुखाकडे येते, कारण तिच्या अंड्यांना खारं पाणी लागतं. समुद्रात जन्मलेली कोळंबीची पिल्लं खाडीत वाढतात आणि मोठी झाल्यावर परत समुद्राची वाट धरतात. तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, मात्र हलू शकत नाहीत. पाणी फार दिवस गोडं राहिलं तर त्या जागच्या जागी मरतात.

ऑगस्टमध्ये आमच्या बाजारात खाडीची मासळी जास्त का, याचं एक कारण कणकुंबीचा हा पाऊसच आहे.

१४ सप्टेंबर, शनिवार

गणपतीच्या सुट्टीनंतर वर्ग भरला. भरती-ओहोटीचा तास घेतला.

कोकणातला ठोकताळा मुलांना फार आवडला: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला बाराच्या थोडी आधी. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, त्यावरून हा हिशेब बसतो. मुंबईच्या बाजूला तो चांगला लागतो. कारवारला भरती मुंबईपेक्षा लवकर येते, तेवढं वजा करायचं. आणि आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, हेही लक्षात ठेवायचं.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, म्हणून ओढ जबर असते. मुंबईला उधाणात भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटर होतो, कारवारला तो दोन मीटरच्या आसपास. म्हणून डोल जाळी, म्हणजे पाण्याच्या ओढीत खुंटाला बांधून ठेवायची पिशवीसारखी जाळी, उत्तरेकडे जास्त चालतात. तिथे पाणीच मासा जाळ्यात ढकलतं. आपल्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर माशाच्या मागे जावं लागतं.

खाडीच्या तोंडाशी गरी टाकणारे सुकती, म्हणजे ओहोटी, सुरू होण्याची वाट पाहतात. ओहोटीच्या ओढीबरोबर खाडीतले झिंगे आणि छोटी मासळी बाहेर वाहते आणि मोठे मासे तोंडाशी टपून असतात. पाणी अगदी थांबलं की मासा गरीला तोंड लावत नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

कारवार. पहाटे निघून रामनगर, जोयडा आणि अणशी घाटातून उतरलो. वाटेभर काळी नदी सोबत होती. सुपा, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणं तिच्यावर आहेत, त्यामुळे तिचं पाणी समुद्राला पोचतं ते पावसाच्या मनाने तसं विजेच्या गरजेनेही. मुखाशी गोव्याच्या वाटेवरचा जुना पूल ऑगस्टमध्ये कोसळला. त्याचे तुकडे मुलांनी लांबून पाहिले.

बैतकोलच्या बंदरात एका ट्रॉलरच्या (तळाशी जाळं ओढणाऱ्या बोटीच्या) तांडेलाशी, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाशी, आधीच बोलणं झालं होतं. मुलं धक्क्यावर थांबली, बोटीवर मी एकटा गेलो. जिथे खोली आठ-नऊ वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) होती तिथे त्यांनी बोट थांबवली. वरचं पाणी एका बाटलीत घेतलं. तळाचं घ्यायला जड बाटली दोरीने सोडली आणि खाली पोचल्यावर दुसऱ्या दोरीने तिचं बूच ओढलं. रसायनं तिथेच, बोटीवरच घातली. हवेशी संबंध आला की चाचणी वाया जाते.

वरच्या बाटलीत साका गडद तपकिरी बसला. तळाच्या बाटलीत फिकट, पिवळसर, जवळजवळ पांढरा.

लॅक्टोमीटर वरच्या पाण्यात खाली बुडाला, तळाच्या पाण्यात बराच वर राहिला. वर काळीचं गोडं पाणी मिसळलेलं, खाली निव्वळ समुद्र. थर्मामीटरने तळाचं पाणी वरच्यापेक्षा चांगलंच गार दाखवलं. बाटली हाताला लागली तेव्हाच ते कळलं होतं.

तांडेलांना बाटल्या दाखवल्या. त्यांना नवल वाटलं नाही. ते म्हणाले, या दिवसांत बाहेर वीस वावांत ट्रॉल ओढली तर डिझेलचेही पैसे निघत नाहीत. कोळंबी नाही, लेपे नाहीत, तळाचा मासाच नाही. आणि त्याच वेळी काठाला छोट्या होड्यांना मासळी आवरत नाही. त्यांच्या वडिलांच्या वेळीही असंच व्हायचं. मी विचारलं, मग तुम्ही काय समजता यावरून? ते म्हणाले, "खालचं पाणी वाईट झालं की मासो वर येता, काठार येता. आमकां ठावें आसा, पण खंय वचपाचो तो?" मासा जाणार कुठे, हा त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

धक्क्यावर लिलाव पाहिला. बांगडा आणि तारली भरपूर, दोन्ही वरच्या थरात कळपाने फिरणारे मासे. तळाचे मासे थोडेच.

२९ सप्टेंबर, रविवार

आठवडा वाचनात गेला. कारवारच्या दोन बाटल्यांमागे काय आहे ते इथे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते अख्ख्या प्रकल्पाचा गाभा हाच आहे.

नैर्ऋत्य मोसमी वारे जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर वाहतात. या काळात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे असतो, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून बाहेर लोटलं जातं. त्याची जागा भरायला खालचं थंड पाणी वर सरकतं. केरळ आणि दक्षिण कर्नाटकात हे जोरात होतं, गोव्याकडे येईपर्यंत मंदावतं. या थंड पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट भरपूर असतात. सूर्यप्रकाशात आले की त्यांच्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांच्यावर तरंगते सूक्ष्म जीव जगतात आणि या दोहोंवर तारली-बांगडा. पश्चिम किनाऱ्याची श्रीमंती इथून येते.

पण त्याच पाण्यात प्राणवायू कमी असतो. ते खोलातून आलेलं, बराच काळ हवेला न लागलेलं पाणी. त्यात वरच्या थरात वाढलेल्या वनस्पती मरून तळाला जातात आणि कुजताना उरलासुरला प्राणवायू खातात. शिवाय नद्यांचं गोडं, हलकं पाणी वर झाकणासारखं बसतं, त्यामुळे वारा खालचं पाणी घुसळू शकत नाही. उष्ण समुद्राच्या पाण्यात मुळात लिटरला सहा-सात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. दोनच्या खाली गेला की बहुतेक मासे तिथे टिकत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोवा आणि कर्नाटकासमोरच्या उथळ समुद्रात तळाला तो त्याहूनही खाली जातो. दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून काम करते आहे, आणि गोव्याच्या किनाऱ्यासमोरच्या या बदलाचा तिने वर्षानुवर्षं माग ठेवला आहे. त्याही आधी, १९५० च्या दशकाच्या शेवटी, कार्ल बान्से यांनी कोचीसमोर दाखवून दिलं होतं की हे पाणी उथळात शिरलं की तळाचे मासे ट्रॉलच्या जागेवरून नाहीसे होतात.

ते मरतात असं नाही. बरेचसे किनाऱ्याकडे किंवा वरच्या थरात सरकतात. खालून आणि बाहेरून वाईट पाणी, एका बाजूला जमीन. मधल्या पट्ट्यात जागा थोडी आणि मासे सगळे. त्या पट्ट्यात ज्याचं जाळं पडलं त्याचं भाग्य उघडलं.

इथे माझा स्वतःचा विचार बदलला. जास्त मासळी मिळाली म्हणजे समुद्रात जास्त मासळी आहे, असंच मी आजवर धरून चाललो होतो, आणि मुलांच्या वह्याही त्याच समजुतीवर आखल्या होत्या. पण सप्टेंबरचा भरलेला लिलाव माशांची संख्या सांगतोच असं नाही. पाण्याने त्यांना किती दाटीने एकत्र आणलं, ते सांगतो. त्याच पाण्यामुळे ट्रॉलरचा तांडेल म्हणतो मासा संपला, आणि होडीवाला म्हणतो यंदा बरकत आहे. दोघेही आपापल्या जाळ्यात आलेलं खरं सांगतात.

वहीत 'जाळं' हा रकाना ठळक केला.

२० ऑक्टोबर, रविवार

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांना संभाव्य मत्स्यक्षेत्राची सूचना देते. मुलांना त्याचा एक नकाशा दाखवला. उपग्रह दोन गोष्टी पाहतो: पाण्याच्या पृष्ठभागाचं तपमान आणि पाण्याचा रंग. रंगावरून हरितद्रव्य कळतं, म्हणजे सूक्ष्म वनस्पती कुठे दाट आहेत ते. रंग टिपणाऱ्या आपल्या ओशनसॅट मालिकेतला नवा उपग्रह नोव्हेंबर २०२२ मध्ये सुटला. थंड आणि उबदार पाणी जिथे एकमेकांना भिडतं त्या सीमेवर खाद्य साचतं, मासेही तिथेच जमतात. कोणत्या बंदरापासून कोणत्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीत, हे कन्नड-मराठीसह किनाऱ्यावरच्या भाषांत कळवलं जातं.

पोरांचा पहिला प्रश्न: मग सगळे तिथेच जातील ना? हो, जातात. सूचना मासे वाढवत नाही. शोधण्याचा वेळ आणि डिझेल वाचवते. ढग असले की उपग्रहाला पाणी दिसत नाही, बंदीच्या काळात सूचनाच नसते. आणि उपग्रह पाहतो तो वरचा पातळ थर. कारवारच्या आमच्या दुसऱ्या बाटलीतलं पाणी त्याला दिसलंच नसतं.

दुसरा प्रश्न तारलीचा निघाला. केरळात २०१२ साली तारलीची सुमारे चार लाख टन पकड झाली होती. २०२१ साली ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था हे आकडे ठेवते. नऊ वर्षांत एवढी घसरण केवळ जाळ्यांनी होत नाही, केवळ पाण्यानेही होत नाही. २०१५ चा एल निनो, तापलेलं पाणी, खाद्याचं हललेलं वेळापत्रक आणि आधीची बेसुमार पकड, असं सगळं शास्त्रज्ञ एकत्र धरतात. तारलीचं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं. एकदोन हंगाम पाणी बिघडलं की पुढची पिढीच कमी पडते. मुलांनी हे दोन आकडे एका कागदावर स्तंभ काढून दाखवायचा प्रयत्न केला. दुसरा स्तंभ पेन्सिलीच्या रेघेएवढाच झाला.

१७ नोव्हेंबर, रविवार

आंबोली घाटाने उतरून सावंतवाडीवरून वेंगुर्ला. बेळगावची मासळी या रस्त्याने फार जुन्या काळापासून चढते.

समुद्र ओळखू न येण्याइतका बदललेला. पाणी निवळशंख. धक्क्यावरून तबकडी सोडली तर गाठींमागून गाठी जात राहिल्या आणि ती पांढरी दिसतच राहिली. पहाटे जमिनीकडून गार मतलई वारा, दुपारी समुद्राकडून खारा. खालून येणारं थंड पाणी थांबलेलं, उत्तरेचे वारे सुरू झाले की वरचं-खालचं पाणी मिसळतं आणि तळाला पुन्हा प्राणवायू पोचतो. ट्रॉलरवाले या दिवसांत बरे हसतात.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढताना पाहिली. दोरावर गावातली वीस-पंचवीस माणसं. रापणीचे एक आजोबा वाळूवर बसून बघत होते. निवळ पाणी चांगलं ना, असं मुलांनी विचारल्यावर ते म्हणाले, "जाळ्याक नाय चांगला." मासा जाळं बघतो आणि वळतो. थोडं गढूळ पाणी जाळ्यांना बरं, निवळ पाणी गरीला बरं, कारण गरीला मासा आमिष पाहून येतो. परवा पौर्णिमा झाली, चांदणं भरपूर, म्हणून रात्री जाळी टाकणारे या आठवड्यात कमी निघाले. काळोखात जाळं दिसत नाही, शिवाय कळप पोहताना पाण्यातले सूक्ष्म जीव निळसर चमकतात आणि कळपाची जागा डोळ्यांना कळते. म्हणजे अमावास्येला काळोख चांगला, पण उधाणाची ओढ वाईट. अष्टमीला ओढ कमी, पण अर्धी रात्र चांदणं. सगळ्या गोष्टी एकदम जुळून येणारे दिवस थोडेच. आजोबांना ते बोटांवर मोजता येतात.

मुलींपैकी दोघींनी त्यांच्याकडून संपूर्ण महिन्याचं कोष्टक लिहून घेतलं. माझ्या मते वहीतली सर्वांत मोलाची पानं तीच आहेत.

४ डिसेंबर, बुधवार

फेंगल चक्रीवादळ ३० नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ जमिनीवर आलं, विरत विरत द्वीपकल्प ओलांडून काल केरळ-कर्नाटकाच्या बाजूने अरबी समुद्रात उतरलं. किनाऱ्यावर अवेळी मोठा पाऊस. आज कॅम्पातल्या बाजारात कारवारची गाडी नव्हती. शिवाय सोमवारपासून मार्गशीर्ष लागला, त्यामुळे गिऱ्हाईकही कमी.

वर्गात याच निमित्ताने एक प्रवाह काढून दाखवला. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे असतो, तो नोव्हेंबरपासून उलटतो आणि उत्तरेकडे वाहू लागतो. याच दिवसांत पूर्व किनाऱ्याचा प्रवाह बंगालच्या उपसागरातलं कमी खारं पाणी खाली आणतो, ते श्रीलंकेला वळसा घालून केरळ-कर्नाटकासमोर येतं. उपसागराचं पाणी कमी खारं का, तर गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा सगळ्या तिकडे जातात. आणि कृष्णेत मलप्रभा.

वर्ग दोन क्षण गप्प झाला आणि मग एकदम सगळे बोलायला लागले. कणकुंबीला पूर्वेला वळलेला पाऊस पुन्हा कारवारसमोर? धरणांतून जेवढं सुटतं तेवढंच, आणि अवाढव्य समुद्रात ते ओळखू येण्याजोगं नाही, हे मी लगेच सांगितलं. पण वाट खरी आहे. नकाशात ती तांबड्या पेन्सिलीने काढून भिंतीवर लावली.

१२ जानेवारी २०२५, रविवार

वह्या एकत्र केल्या. भावाचा रकाना अपेक्षेप्रमाणे निरुपयोगी ठरला: श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार, नाताळ आणि घाटातले अडथळे यांनी तो भरलेला आहे. जातीचा आणि जाळ्याचा रकाना मात्र स्पष्ट बोलतो. ऑगस्टमध्ये खाडीची मासळी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काठावरचा बांगडा-तारली आणि तळाचा मासा तुटपुंजा, नोव्हेंबरपासून कोळंबी, लेपे, सौंदाळे, तळाचे मासे परत. पाण्याच्या बदलाशी हा क्रम जुळतो. एकाच वर्षाच्या, एकाच बाजाराच्या नोंदींवर याहून जास्त दावा करायचा नाही, असं मुलांना सांगितलं आणि त्यांना ते पटलं.

एका मुलाला मात्र राहवेना. सप्टेंबरमध्ये मासे काठावर कोंडले जातात हे सगळ्यांना माहीत असेल तर तेव्हाच सगळ्यांत मोठी जाळी काठाला का लावू देतात? मोठ्या पर्ससीन जाळ्यांनी (ही कळपाभोवती टाकून खालून आवळतात) काठापासून किती लांब राहायचं याचे नियम प्रत्येक राज्यात आहेत आणि त्यावर पारंपरिक मच्छीमारांचे झगडे वर्षानुवर्षं चालू आहेत. तो प्रश्न मला फार योग्य वाटतो. बंदीचे ६१ दिवस विणीवरून आणि वादळी समुद्रावरून ठरले. प्राणवायू कमी असण्याचे आठवडे त्यांच्या नंतर येतात, आणि ते दरवर्षी थोडे मागेपुढे होतात. ते मोजून, त्या आठवड्यांपुरतं काठाचं पाणी मोठ्या जाळ्यांना बंद ठेवावं, असं मुलाने अहवालात लिहिलं आहे. मी एक शब्दही बदललेला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

अहवाल हाताने लिहून झाला, मराठीत आणि एक प्रत कन्नडात. कन्नड प्रत नववीतल्या तीन मुलींनी केली. ती बैतकोलच्या तांडेलांना पाठवायची आहे, मराठी प्रत वेंगुर्ल्याच्या आजोबांना.

पुढच्या सप्टेंबरची तयारी आत्ताच सुरू करतो. दोन बाटल्यांऐवजी पाण्याच्या तीन थरांतून नमुने: वर, मध्ये, तळ. एकदा सप्टेंबरच्या सुरुवातीला, एकदा शेवटी, एकदा ऑक्टोबरच्या मध्याला, म्हणजे वाईट पाणी किती वर चढलं आणि केव्हा उतरलं ते दिसेल. कॉलेजने विंकलरची पूर्ण चाचणी त्यांच्या प्रयोगशाळेत करून द्यायचं कबूल केलं आहे. नमुने बोटीवरच रसायनं घालून पक्के करून कारवारहून रातोरात बेळगावला आणायचे, अंधारात आणि थंड ठेवून. त्यासाठी मासळीच्या गाडीवाल्यांशी बोललो. बर्फाच्या पेटीत एक कोपरा मोकळा ठेवतील. तांडेलांनी निरोप पाठवला आहे की या वेळी बूच ओढायची दोरी ते स्वतः धरतील, पण बाटली मोठी आणा.